मोरीच्या पाण्यावरची कर्दळ

कर्दळ विकत मिळते, हे बाबांना खरंच वाटेना. मे महिन्यातली शनिवारची सकाळ होती. मी, माझा नवरा आणि माझे वडील असे तिघं घरसामानाच्या एका अवाढव्य दुकानात नळाचा वॉशर शोधत होतो. बाबा हात पाठीशी बांधून आमच्या मागे मागे येत होते, कशालाही हात न लावता. दाराजवळ बागकामाच्या सामानाची मांडणी होती. जाळीच्या पिशव्यांत कंद टांगलेले आणि प्रत्येक पिशवीवर फुलाचा रंगीत फोटो. बाबा एका पिशवीपुढे थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक लागेल इतक्या जवळून फोटो पाहिला.

"ही कर्दळ होय काय?"

"हो, बाबा."

"विकून राहिले?"

"हो."

"आणि लोक घेऊन राहिले?"

आणि बाबा हसले. साधं हसले नाहीत, त्या पिशव्यांच्या खांबाला धरून हसले. "अगं, ही तर आपण उपटून उपटून कुंपणाबाहेर टाकत होतो. शेजारच्यांना म्हणायचो, न्या हो, फुकट न्या. तरी कोणी नेत नव्हतं." मार्चमध्ये ते इथे आले, त्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मी मुकाट्याने ती पिशवी उचलली आणि पैसे देऊन मोकळी झाले. वॉशर राहूनच गेला.

बाबा आमच्याकडे पाहुणे म्हणून आले नव्हते, कायमचे आले होते. आई गेली, पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, स्टेंट बसवावे लागले, आणि डॉक्टरांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका. मी एकुलती एक. नागपूरचं घर विकायचं बाबांनीच ठरवलं. रिकामं घर कुलूप लावून ठेवण्यात काय अर्थ, म्हणाले. सरकारी छापखान्यात नोकरी करून, पै पै साठवून बांधलेलं घर त्यांनी एका डेंटिस्टला दिलं, आणि दोन सुटकेसा घेऊन शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्याही थोडं पुढे, आमच्या दारात येऊन उभे राहिले. बाहेर तेव्हा अजून बर्फ होता. आमची मुलगी कॉलेजला दूर गेलेली, तिची खोली आम्ही त्यांना दिली.

मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी इथे राहावं. नुसतं असावं असं नाही, राहावं. सकाळी उठल्यावर त्यांना काहीतरी करायचं असावं, त्यांनी आमच्यावर चिडावं, भाजीला नावं ठेवावीत, घरात त्यांचा आवाज यावा. पण ते सोफ्याच्या कडेवर बसायचे, पाठ न टेकता, गाडी यायची वाट बघत असल्यासारखे. चहा दिला की थँक्यू म्हणायचे. ज्या माणसाने माझ्या आईला उभ्या जन्मात थँक्यू म्हटलं नव्हतं, तो मला चहाबद्दल थँक्यू म्हणायला लागला. मी मुळात तापट. मी ओरडलेच, "थँक्यू काय म्हणता, बाबा? मी काय हॉटेल काढलंय?"

ते म्हणाले, "सॉरी."

तर ती कर्दळ. पिशवीत आल्यासारखे दिसणारे तीन गड्डे निघाले. बाबांनी ते एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिले, डोळा कुठे आहे ते शोधलं आणि तीनही जिवंत आहेत असा निकाल दिला. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसणं जमत नाही, शिवाय आमच्या परसातली माती म्हणजे नुसती चिकणमाती, म्हणून घरामागच्या लाकडी डेकवर तीन मोठ्या कुंड्या ठेवल्या. बाबांनी खुर्चीत बसून त्या भरल्या, गड्डे लावले आणि हात झटकले. मी बाहेरच्या नळाचा पाइप ओढत आणला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो घेतला नाही. "पिण्याचं पाणी? कर्दळीला?"

हे मी विसरूनच गेले होते. आमच्याकडे कर्दळ म्हणजे मोरीमागचं झाड. नागपूरच्या घरी न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागे जायचं, आणि तिथे त्या ओलीवर अळू आणि कर्दळ माजलेली असायची. साबणाचं पाणी, कपड्यांचं पाणी, भांड्यांची राख, सगळं पिऊन ती लालभडक फुलायची. तिला कोणी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. मुद्दाम पाणी घालायचं ते तुळशीला, मोगऱ्याला. कर्दळ आपली आपण.

आणि बाबांचं पाण्याचं प्रकरण नुसतं काटकसरीचं नव्हतं. त्यांचं लहानपण वर्ध्याकडच्या एका खेड्यात गेलं. आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती आणि ती उन्हाळ्यात आटायची. मग गावच्या विहिरीपासून लांब, उन्हात, घागर खाली ठेवून उभं राहायचं. कोणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाही आली तर उभं राहायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी दहावीत असताना, नळ चालू ठेवून दात घासत होते म्हणून. त्या दिवसानंतर आमच्या घरात नळ कधी विनाकारण चालू राहिला नाही. ज्याने हे पाहिलंय, त्याला मी पाइप घेऊन नाचायला सांगू शकत नव्हते. मी पाइप गुंडाळून ठेवला.

बाबा इथे आल्यापासून बादलीनेच आंघोळ करत. शॉवरखाली उभं राहिलं की आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही म्हणायचे. म्हणून देशी दुकानातून एक निळी बादली आणि एक मग आणला होता, टबात एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. कर्दळ लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टबाचं बूच लावून आंघोळ करायला सुरुवात केली. आंघोळ झाली की टबात साचलेलं पाणी मगाने बादलीत भरायचं, आणि ती बादली घेऊन वरच्या मजल्यावरून खाली, हॉलमधून, स्वयंपाकघरातून, सरकतं दार उघडून डेकवर. हृदयाचा पेशंट, सत्तरी उलटलेली, पायात रबरी चपला आणि हातात साबणाच्या पाण्याची बादली. पहिल्या दिवशी मी जिन्यात त्यांना पाहिलं आणि किंचाळले.

"अर्धीच तर भरतो," ते म्हणाले.

"पाव पण नाही भरायची!"

"काऊन?"

काऊन म्हणे! मी नवऱ्याकडे गेले. तो मुंबईकडचा, शांत, प्रत्येक गोष्टीवर वस्तू विकत घेऊन तोडगा काढणारा. "पडतील यार एक दिवस," म्हणाला आणि जिन्याला दुसरा कठडा बसवून घेतला. मग एक छोटा पंप आणतो म्हणाला, टबातून थेट खिडकीबाहेर पाणी सोडणारा. बाबांनी त्याला नम्रपणे सांगितलं की यंत्राची गरज नाही, दोन हात आहेत.

मी महिनाभर भांडले आणि मग भांडायचं सोडून दिलं. कारण बाबा बदलायला लागले होते. सकाळी नाश्त्याच्या आधी त्यांचं काम झालेलं असायचं, त्यामुळे त्यांना भूक लागायची. गड्ड्यांतून हिरव्या सुरळ्या वर आल्या, उलगडल्या, आणि बाबांनी नागपूरच्या मित्रांना व्हिडिओ कॉल लावून कुंड्या दाखवल्या. "इथं पण कर्दळ लावली. मोरीच्याच पाण्यावर आहे बाप्पा, फर्स्ट क्लास!" पलीकडून चार म्हातारे हसत होते. आणि एका सकाळी मी चहा पुढे ठेवला, तर एक घोट घेऊन बाबा म्हणाले, "चहा गार आहे." थँक्यू नाही, काही नाही. नुसतं, चहा गार आहे. मी तो गरम करायला आत नेला आणि ओट्यापाशी उभी राहून आनंदाने रडले. खरंच रडले, त्यात लपवायचं काय.

जुलैमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी बारीक तपकिरी रेघ, मग तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी सगळी कडच. नवीन सुरळी यायची ती अर्धीच उघडायची आणि टोकाला वाळायची. बाबांनी निदान केलं, ऊन फार आहे, पाणी कमी पडतंय. मग त्यांनी दोन बादल्या न्यायला सुरुवात केली. तेवढंही पुरेना, तेव्हा आम्हा दोघांना हुकूम झाला की तुम्हीही टबाचं बूच लावून आंघोळ करा. आम्ही केली. आयटीतली दोन शहाणी माणसं रोज सकाळी घोटाभर स्वतःच्याच साबणाच्या पाण्यात उभी राहून कर्दळीसाठी पाणी जमवत होती. आणि आम्ही जितकं पाणी घालत होतो, तितकी ती जास्त करपत होती. कुंड्यांतल्या मातीवर पांढरट थर धरला. बाबा म्हणाले, साबणाचा आहे, त्याने काही होत नाही. ते तासनतास कुंड्यांसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि जेवायला दोनदा बोलवावं लागायचं.

मी एक पान झिपलॉकच्या पिशवीत घालून नर्सरीत नेलं. तिथल्या बाईने ते उजेडात धरलं आणि विचारलं, पाणी कुठलं घालता? मी सांगितलं. ती जरा चमकली, पण सभ्य होती, हसली नाही. मग तिने विचारलं, घरात सॉफ्टनर आहे का?

आहे ना! आमच्या गावाला खोल बोअरचं पाणी येतं. ते इतकं जड की साबणाला फेस येत नाही आणि नळांवर चुना साचतो. म्हणून इकडे घरोघरी तळघरात पाणी मऊ करायचं यंत्र असतं. ते यंत्र मिठावर चालतं. दर थोड्या दिवसांनी माझा नवरा त्यात मिठाची गोणी रिकामी करतो, आणि त्या मिठाचा अंश घरातल्या प्रत्येक नळाच्या पाण्यात उतरतो. आपल्याला चवीला कळत नाही, पण कुंडीतल्या मातीत तो रोज साचत जातो. बाहेरच्या नळाला तेवढं ते यंत्र जोडलेलं नसतं. बाई म्हणाली, बागेचा पाइप वापरा, बस.

गाडीत येऊन मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. उपाय इतका सोपा होता आणि तो मला कुठल्याही परिस्थितीत सांगता येणार नव्हता. ह्या घरात बाबांचं एकच काम होतं. ते आपल्या हाताने, जिवावर उदार होऊन करत होते, आणि त्याच कामाने झाडं मरत होती, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी ठरवलं, सांगायचं नाही.

नवऱ्याला मात्र सांगितलं. यंत्राच्या मागे एक खटका असतो, तो फिरवला की पाणी यंत्राला वळसा घालून जातं.

"म्हणजे आपण सगळ्यांनी जड पाण्याने आंघोळ करायची? कर्दळीसाठी?"

"बाबांसाठी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, तळघरात गेला आणि खटका फिरवून आला. माणूस म्हणून तो सोन्यासारखा आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणत नाही. मग काचेच्या ग्लासांवर पांढरे डाग पडायला लागले, टॉवेल खरखरीत झाले, माझे केस झाडूसारखे झाले. त्याचं कॉफीचं यंत्र घरघरायला लागलं. तो एक शब्द बोलला नाही. बाबा तेवढे एकदा म्हणाले, "हा साबण चांगला नाही, फेस येत नाही." मी म्हटलं, "बदलते."

मातीत साचलेलं मीठ धुऊन काढणंही भाग होतं. बाबा जेवणानंतर तासभर झोपायचे. मी दोन मीटिंगच्या मध्ये हळूच डेकवर जायचे, पाइपने कुंड्या भरभरून पाणी सोडायचे, खालून निथळू द्यायचे, आणि डेक पुसून परत लॅपटॉपसमोर येऊन बसायचे. एवढी लपवाछपवी मी लग्नाआधी याच नवऱ्याला भेटायला जातानाही केली नव्हती. पण ऑगस्टच्या मध्याला नवीन पान आलं ते स्वच्छ, कडेपर्यंत हिरवं. त्याच्यामागे दुसरं. महिनाअखेरीला मधल्या कुंडीत पानांतून दांडा वर आला आणि त्यावर कळ्या दिसल्या.

बाबा तेव्हा जे खूश झाले, ते मी विसरणार नाही. "सांगत होतो ना, पाणी कमी पडून राहिलं होतं. तू उगाच घाबरत होती."

"तुमचं बरोबर होतं, बाबा," मी म्हटलं.

सप्टेंबर लागला. कर्दळ इथल्या थंडीत जमिनीत जगत नाही, गड्डे काढून तळघरात ठेवावे लागतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. जागा कशी आहे ते स्वतः बघायचं, असं बाबांच्या मनाने घेतलं. मी वर मीटिंगमध्ये होते. नवऱ्याने त्यांना हात धरून तळघरात नेलं. बाबा तोपर्यंत तिथे कधी उतरले नव्हते. यंत्राच्या शेजारी, भिंतीला लागून, मिठाच्या गोण्या रचून ठेवलेल्या होत्या.

मीटिंग संपवून मी खाली गेले तेव्हा पायऱ्यांवरूनच बाबांचा थट्टेचा आवाज ऐकू आला. "एवढं मीठ? लोणचं कोण घालून राहिलं?" आणि नवरा हसून सांगत होता. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि मी त्याला खोटं बोल असं नीट बजावलंही नव्हतं. त्याने यंत्र समजावून सांगितलं, मीठ कशाला लागतं ते सांगितलं, आणि बाबांना बरं वाटावं म्हणून वर म्हणाला, "पण आता आम्ही बंदच ठेवलंय, बाबा. तुमच्या झाडांसाठी. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी शेवटच्या पायरीवर थांबले. बाबांचा हात एका गोणीवर होता. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, खटक्याकडे पाहिलं. छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस, त्यांना यंत्र दोनदा समजावून सांगावं लागत नाही.

"म्हणजे मी त्यायले मीठ घालून राहिलो होतो," ते म्हणाले.

"नाही हो बाबा, तसं थोडंच—"

मग त्यांनी मला पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "दुपारी तुला पाइप घेऊन उभी असलेली पाहिली होती मी," ते म्हणाले. "खिडकीतून. झोप लागत नाही ना मला. मला वाटलं, पोरीलाही नाद लागला."

"चालू करा ते," बाबा नवऱ्याला म्हणाले.

"अहो, काहीच प्रॉब्लेम नाहीये आम्हाला."

"नाही, नाही. तुमच्या घरात तुम्ही चांगल्या पाण्याने आंघोळ करा. माझ्यापायी कशाला?" आणि नवरा हलेना तेव्हा त्यांनी स्वतः वाकून खटका फिरवला. कुठल्या बाजूला फिरवायचा, तेही त्यांना बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून शॉवरचा आवाज आला. थोडा वेळ आला आणि बंद झाला. बाबा केस पुसत खाली आले, सोफ्यावर बसले, मी चहा दिला. "थँक्यू," म्हणाले. मी त्यांच्याशी भांडून पाहिलं, विनवून पाहिलं. नवरा म्हणाला, मी खाली वेगळी पाइपलाइन काढून देतो, तुमच्या बाथरूमला साधं पाणी. बाबा म्हणाले, छे छे, शॉवर चांगला असतो, आधी मलाच समजत नव्हतं. इतक्या समजूतदारपणे म्हणाले की पुढे काही बोलायला जागाच ठेवली नाही. मधल्या कुंडीतली कर्दळ त्याच आठवड्यात फुलली, लाल, अगदी मोरीमागच्यासारखी. मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. त्यांनी पाहिलं. "छान आहे," म्हणाले, आणि बाहेर गार आहे म्हणून आत आले.

ऑक्टोबरात पहिलं कडक दव गोठलं आणि पानं एका दिवसात काळी पडून लोंबली. गड्डे मी एकटीने काढले. नीट वाळू द्यायचे असतात हे वाचलं होतं, पण त्या आठवड्यात ऑफिसात प्रोजेक्टची घाई होती, मी ते ओलसरच खोक्यात भरले. हिवाळाभर बाबा मुलीच्या खोलीत असायचे. रविवारी कोणाच्या तरी घरी बुद्धवंदना असली की आम्ही त्यांना न्यायचो. तिथे ते पांढरा शर्ट घालून बसायचे, सगळ्यांशी गोड बोलायचे. लोक मला म्हणायचे, काय सेटल झालेत काका, नशीबवान आहेस. एप्रिलमध्ये मी खोकं उघडलं तर आत काळा चिखल होता आणि वास सुटला होता. मी ते तसंच कचऱ्यात टाकलं आणि बाबांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मे महिन्यात मी नवीन गड्डे आणले. या वेळी एकटीच गेले. बाबांपुढे पिशवी ठेवली, म्हटलं, लावू या? "लाव ना," ते म्हणाले. कुंड्या मी भरल्या. आणि मला राहवलं नाही, मी म्हटलं, "बाबा, पाणी तेवढं तुम्ही घालाल?" मला वाटलं नाही म्हणतील, पाइप बघून परत "पिण्याचं पाणी?" म्हणतील, चिडतील. मी त्या चिडण्याची वाट पाहत होते. ते उठले, बाहेर गेले, नळ उघडला आणि पाइपने तिन्ही कुंड्यांना पाणी घातलं. मला दाखवलं, म्हणाले, एवढं बस होईल काय? त्यानंतर रोज सकाळी त्यांनी पाणी घातलं. एक दिवस चुकवला नाही. सांगितलेलं काम केलं, नळ बंद केला, आत येऊन बसले.

या वर्षी कर्दळ अशी वाढली की डेकच्या कठड्याच्या वर गेली. एका पानाला डाग नाही. ऑगस्टमध्ये तिन्ही कुंड्या एकदम फुलल्या. पलीकडची अमेरिकन शेजारीण कुंपणापाशी येऊन वाहवा करून गेली. वंदनेला आमच्याकडे मंडळी आली तेव्हा सगळ्यांनी डेकवर जाऊन फोटो काढले. एक मावशी म्हणाल्या, "काका, तुमच्या हाताला गुण आहे हो." बाबा म्हणाले, "नाही, पोरीनं लावली. मी नुसता नळ उघडतो." मंडळी हसली. मी आत जाऊन कपबशा धुवत बसले.

मंडळी गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. सहसा येत नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, एक काम होतं तुझ्याकडे. व्हिडिओ कॉलवरच्या त्या चौघांपैकी एक काका आता नागपूरच्या बाहेर एका वृद्धाश्रमात राहायला गेले आहेत. त्यांच्या खोलीत दुसरी खाट रिकामी आहे. बाबांनी तिथल्या बाईंशी स्वतः फोनवर बोलून घेतलं होतं. डॉक्टर आठवड्याला येतो, दवाखाना जवळ आहे. सगळं विचारून झालं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. ओरडले एवढं आठवतं. इथे काय कमी आहे, ते तरी सांगा, म्हटलं.

"काही कमी नाही," बाबा म्हणाले. "खूप केलं तुम्ही दोघांनी. जावई तर देवमाणूस आहे."

"मग?"

त्यांनी टेबलावर बोट फिरवलं. "तिथं मागं जागा आहे म्हणे. काहीतरी करता येईल." आणि बोट थांबवून, "इथं मी काही केलं की तुम्हाला मागून निस्तरावं लागते."

नाही, असं नाही, बाबा, असं मी म्हणत राहिले, आणि ते मान हलवत राहिले, लहान मुलाची समजूत काढावी तसे. नवरा दारात उभा होता. शेवटी मी लॅपटॉप उघडला. तिकीट कधीचं काढू विचारलं. थंडी पडायच्या आधीचं, म्हणाले. मी तारखा बघायला लागले. डोळ्यांपुढे आकडे नीट दिसत नव्हते. मी म्हटलं, "हे बघा, सहा महिने राहून या. उन्हाळा लागला की या परत. मी परतीचंही आत्ताच काढून ठेवते."

बाबांनी पुढे वाकून माझ्या हातावर हात ठेवला.

"परतीचं नको काढू," म्हणाले. "वाया जाईल."